वेबसाइट एलजीबीटीक्यू लोकांना आपली वाटावी म्हणून शोधाशोध करताय? जीओव्ही डॉट यूकेची डिझाइन सिस्टीम आधी वाचा (रिव्ह्यू)

संस्थेची वेबसाइट एलजीबीटीक्यू लोकांना आपली वाटायला हवी असं मीटिंगमध्ये ठरतं आणि मग ते काम वेबसाइट सांभाळणाऱ्याकडे येतं, आमच्याकडे ते माझ्याकडे आलं आणि मी ते मनापासून घेतलं. शोधायला बसलं की लेख भरपूर सापडतात, पण त्यातले बरेचसे झेंडा लावा, वेगवेगळ्या जोडप्यांचे फोटो लावा, "सर्वांचं स्वागत आहे" असं एक वाक्य लिहा, इथेच थांबतात. फॉर्मचं काय, लॉगिनचं काय, घरातल्या सगळ्यांचा एकच कॉम्प्युटर असताना त्यावर गुपचूप आपली साइट उघडणाऱ्या सतरा वर्षांच्या मुलीचं काय, यावर फार कमी जण बोलतात. मला सगळ्यात जास्त उपयोग झाला तो अशा एका ठिकाणाचा जे मुळात या विषयासाठी बनलेलंच नाहीये, म्हणजे ब्रिटिश सरकारची जीओव्ही डॉट यूके डिझाइन सिस्टीम. २०१८ पासून ती सगळ्यांसाठी खुली आहे, वाचायला पैसे लागत नाहीत, आणि सरकारी फॉर्म कसे बनवायचे हे त्यात बारीकसारीक कारणांसकट लिहिलंय. म्हणून हा रिव्ह्यू, कारण संस्थांसाठी काम करणाऱ्या बऱ्याच जणांना हे माहीतच नसतं.

आधी नावांबद्दलचं पान बघा. माणसाचं नाव कसं विचारायचं यावर एक अख्खं पान आहे आणि त्यात म्हटलंय की नावासाठी एकच रकाना ठेवला तर जास्तीत जास्त प्रकारची नावं त्यात बसतात, आणि श्री, श्रीमती, कुमारी असलं काही विचारणं टाळा, कारण ते विचारलं की माणसाला स्वतःचं जेंडर आणि लग्न झालंय की नाही हे दोन्ही सांगावं लागतं आणि त्याला ते सांगायचं नसू शकतं. विचारणं अगदीच भाग असेल तर ड्रॉपडाउन, म्हणजे ठरलेल्या पर्यायांची यादी, न देता मोकळा रकाना द्या, भरायची सक्ती नको. मला हे फार पटलं, कारण आपण श्री-श्रीमती सवयीने ठेवतो, त्याचा पुढे उपयोग काय तर ईमेलच्या सुरुवातीला छापायला, आणि तेवढ्यासाठी एखाद्या ट्रान्स माणसाला फॉर्मच्या पहिल्याच ओळीत अडकवून ठेवायचं. आम्ही तो रकाना काढला, ईमेल आता "नमस्कार" आणि पुढे नाव अशी सुरू होते, कोणाचं काहीही अडलं नाही.

याच विचाराने पुढे गेलं की जेंडरच्या प्रश्नावर येतो. इथे या सिस्टीमची शिस्त मला आवडते, आधी विचारते की ही माहिती तुम्हाला लागतेच का. वाचनगटात नाव नोंदवायला जेंडर कशाला हवंय? फंड देणाऱ्यांना आकडे द्यायचे असतील तर ठीक, पण मग तो प्रश्न नोंदणीच्या आत घुसवू नका, वेगळा विचारा, का विचारताय ते लिहा, उत्तर दिलं नाही तरी काम होणार हे लिहा, आणि "सांगायचं नाही" हा पर्याय ठेवा. समानतेच्या माहितीसाठी म्हणून त्यांचं वेगळं पान आहे, ते शांतपणे वाचण्यासारखं आहे.

आता एक गोष्ट जी मला खूप साइट्सवर दिसते आणि दरवेळी वाईट वाटतं. ड्रॉपडाउन असा असतो: पुरुष, स्त्री, एलजीबीटी. हेतू चांगला असतो हो, पण त्यात दोन वेगळ्या गोष्टी एकात कालवल्या जातात, आपण कोण आहोत हे आणि आपल्याला कोण आवडतं हे. गे पुरुष हा पुरुषच असतो, लेस्बियन बाई बाईच असते, तिने काय निवडायचं? आणि ट्रान्स बाईला "स्त्री" सोडून तिसऱ्या खणात जायला लावणं म्हणजे तू खरी बाई नाहीस असं फॉर्मने तोंडावर सांगणं. खरंच दोन्ही माहिती हवी असेल तर दोन वेगळे प्रश्न करा, एकापेक्षा जास्त पर्याय निवडता येऊ देत, आणि एक मोकळी जागा ठेवा जिथे माणूस स्वतःच्या शब्दात लिहील. फेसबुकने २०१४ मध्ये जेंडरसाठी पन्नासच्या वर पर्याय दिले होते आणि दुसऱ्याच वर्षी मोकळं लिहायची सोय दिली. एवढी लांब यादी देऊनही मोकळ्या रकान्याची गरज पडलीच. वेबपेज ज्यात लिहितात त्या एचटीएमएलमध्येसुद्धा ब्राउझरने आपोआप भरायच्या माहितीत जेंडरची नोंद मोकळा मजकूर म्हणूनच आहे, दोन-तीन शब्दांची बंद यादी नाही, म्हणजे तांत्रिक अडचण आहे असं कोणी सांगितलं तर ऐकू नका.

प्रोनाउनबद्दल, म्हणजे आपल्याला तो म्हणावं की ती की आणखी काही, पण हेच. रकाना ठेवा, पण सक्तीचा करू नका. काही जणांना वाटतं की सगळ्यांना विचारलं की सगळे सारखे झाले, पण ज्याने अजून कोणालाच सांगितलेलं नाही त्याच्यापुढे दोनच रस्ते उरतात, खोटं लिहायचं किंवा तयारी नसताना सगळं उघड करायचं. आणि ते प्रोफाइलवर सगळ्यांना दिसणार की फक्त कार्यकर्त्यांना, हे रकान्याच्या शेजारीच लिहा, खाली कुठल्यातरी धोरणाच्या पानात नको.

आता ज्या गोष्टीसाठी मी ही सिस्टीम खास सुचवते ती म्हणजे पानातून पटकन बाहेर पडायचं बटण. हे कोणासाठी? मूळ विचार घरात छळ सोसणाऱ्या लोकांचा आहे, ज्यांना मदतीची माहिती वाचताना कोणी पाहिलं तर धोका आहे. क्वीअर मुलांची परिस्थिती पुष्कळदा अशीच असते, खोलीत कोणीतरी येतं आणि स्क्रीनवर "आई-वडिलांना कसं सांगावं" असं पान उघडं असतं. हे लाल बटण पानाच्या वरच्या बाजूला राहतं, खाली स्क्रोल केलं तरी सोबत येतं, दाबलं की लगेच पानावरचा मजकूर झाकला जातो आणि ब्राउझर दुसऱ्या साध्या साइटवर जातो, त्यांच्या मूळ कोडमध्ये ती बीबीसीची हवामानाची साइट आहे, आपण आपल्याला हवी ती देऊ शकतो. मजकूर आधी झाकला जातो हे महत्त्वाचं, कारण नेट स्लो असेल तर नुसतं दुसऱ्या साइटवर पाठवून भागत नाही, नवीन पान येईपर्यंत जुनं तसंच समोर दिसत राहतं. माउस शोधायला वेळ नसेल तर शिफ्ट की तीनदा दाबली तरी तेच होतं, आणि किती वेळा दाबली ते दाखवणारे ठिपके बटणावर दिसतात. स्क्रीन रीडर, म्हणजे स्क्रीनवरचं वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर, वापरणाऱ्याला अजून किती वेळा दाबायची ते ऐकू येतं. एवढा विचार मी इतर कुठल्याच फुकटच्या कोडमध्ये पाहिला नाही. जावास्क्रिप्ट चाललं नाही तर बटण साधी लिंक म्हणून तरी काम करतं.

एक बारीक गोष्ट मात्र लक्षात ठेवा, विंडोजवर शिफ्ट सलग पाचदा दाबली की स्टिकी कीजची (एका वेळी एकच की दाबून काम करता यावं अशी विंडोजमधली सोय) खिडकी उघडते, त्यामुळे घाबरून कोणी दाबतच राहिलं तर ती समोर येऊ शकते. म्हणून "तीनदा दाबा, मग थांबा" असं आम्ही स्पष्ट लिहिलंय. ट्रेव्हर प्रोजेक्टच्या साइटवर, म्हणजे क्वीअर तरुणांच्या आत्महत्या रोखण्यासाठी १९९८ पासून काम करणारी अमेरिकेतली संस्था, तिथे यासाठी एस्केप की तीनदा दाबायची पद्धत आहे. कुठलीही चालेल, पण ती लोकांना आधी माहीत असायला हवी.

आणि इथे सिस्टीम प्रामाणिक आहे हे मला सगळ्यात आवडलं. ती सांगते की हे बटण ब्राउझरची हिस्ट्री पुसत नाही, आणि हे वापरणाऱ्याला आधीच सांगा, बटण कसं चालतं, काय करत नाही, यासाठी मध्ये एक वेगळं पान ठेवा. कारण खोटा दिलासा जास्त धोकादायक. मुलगी बटण दाबून निर्धास्त होते आणि नंतर कोणीतरी हिस्ट्री उघडून पाहतं. बटण लावणाऱ्या प्रत्येकाने ही ओळ लिहिलीच पाहिजे, यात तडजोड नको.

पण हिस्ट्रीत काय दिसतं हे तर आपल्या हातात आहे ना, आणि त्याबद्दल अजून सविस्तर मार्गदर्शन हवं होतं असं मला वाटतं. हिस्ट्रीत दिसतं पानाचं शीर्षक आणि पत्ता. ब्राउझरच्या टॅबवर पण शीर्षक दिसतं. पानाचं शीर्षक "गे आणि लेस्बियन तरुणांसाठी मदत" असं ठेवण्याऐवजी "मदत आणि माहिती" ठेवलं आणि पत्त्यातही तसाच साधा शब्द ठेवला तर पानाच्या आत सगळं मोकळेपणाने लिहिता येतं. यावर आमच्यात वाद झाला, काही जणांचं म्हणणं असं की हे लपवणं झालं, शोधणाऱ्याला गूगलवर सापडायला शीर्षकात शब्द हवेत. दोन्ही बाजू खऱ्या आहेत. आम्ही मग असं केलं की कार्यक्रमांची, अभिमानाने सांगायची पानं स्पष्ट शीर्षकाची आणि संकटात वाचायची पानं साध्या शीर्षकाची.

ट्रॅकिंग हा त्याहून मोठा मुद्दा आहे आणि तो तुमचा तुम्हालाच बघावा लागेल. जाहिरात कंपन्यांचे पिक्सेल, म्हणजे पानात न दिसणारे कोडचे छोटे तुकडे, साइटवर लावलेले असतात, बऱ्याचदा कोणी कधी लावले हेही आठवत नसतं, आणि ते कोण कुठलं पान पाहतंय हे बाहेर पाठवतात. मग त्याच कॉम्प्युटरवर नंतर घरातल्या दुसऱ्या कोणाला आपल्याच संस्थेची जाहिरात दिसू शकते. मदतीच्या पानांवरून पिक्सेल काढून टाका, शेअरची बटणं, बाहेरून आणून लावलेले व्हिडिओ, चॅटची खिडकी हे सगळं एकेक करून तपासा. ईमेलचं पण तसंच, फोन लॉक असला तरी पाठवणाऱ्याचं नाव आणि विषयाची ओळ नोटिफिकेशनमध्ये दिसू शकते, त्यामुळे सपोर्ट ग्रुपची आठवण पाठवताना विषयात फक्त "गुरुवारची भेट" एवढंच पुरतं.

आता जुन्या नावाची गोष्ट, जी या सिस्टीममध्ये मला हवी तितकी सापडली नाही. ट्रान्स माणूस नाव बदलतो तेव्हा साइटवर ते नाव किती ठिकाणी अडकलेलं असतं याची कल्पनाच नसते. वर्डप्रेसचं उदाहरण घ्या, आपल्यासारख्या छोट्या संस्था बहुतेक त्यावरच असतात. त्यात दिसणारं नाव प्रोफाइलमधून बदलता येतं, पण युझरनेम तिथून बदलता येत नाही, आणि लेखकाच्या पानाचा पत्ता त्या युझरनेमवरून बनलेला असतो. म्हणजे लेखाखाली नवीन नाव, आणि क्लिक केलं की ब्राउझरच्या पत्त्यात जुनं नाव. हे वेगळं बदलावं लागतं, प्लगइनने किंवा डेटाबेसमध्ये जाऊन, आणि ते काम ॲडमिनने न कुरकुरता, कागदपत्रं न मागता करायला हवं. मग जुन्या फोटोंच्या खालची नावं, फाइलची नावं, वार्षिक अहवालांच्या पीडीएफ, जुन्या स्पर्धांचे निकाल. हे शोधून काढणं कंटाळवाणं काम आहे, झेंडा लावण्यासारखं पाच मिनिटांचं नाही, पण आमच्यातल्या एका ट्रान्स सदस्याने सांगितलं की त्याच्यासाठी साइटवरचा सगळ्यात मोठा बदल हाच होता. तेव्हा नाव बदलायची विनंती करायला एक साधा फॉर्म ठेवा आणि तो सहज सापडेल असा ठेवा.

मराठी साइटसाठी या सगळ्या मार्गदर्शनात एक मोठी पोकळी आहे, आणि ती त्यांची चूक नाही, ते इंग्रजीसाठी लिहिलंय. इंग्रजीत "आय ॲग्री" म्हटलं की झालं. आपल्याकडे चौकटीशेजारी "मी अटी मान्य करतो" लिहिलेलं असतं, म्हणजे क्लिक करणारा पुरुषच आहे असं धरलंय. मग कोणीतरी सुधारणा म्हणून "करतो/करते" करतं, त्यात बायका आल्या पण जो दोन्हीत बसत नाही तो बाहेरच. उपाय आपल्याच भाषेत आहे आणि सोपा आहे: "मला अटी मान्य आहेत". "मी स्वयंसेवक होऊ इच्छितो" च्या जागी "मला स्वयंसेवक व्हायचंय". "तुम्ही फॉर्म भरला आहे" यात अडचण नाही कारण क्रियापद फॉर्मप्रमाणे चालतं, माणसाप्रमाणे नाही, तसंच "तुम्ही सदस्य झालात" पण सगळ्यांना चालतं. "तुम्ही लॉग आउट झाला आहात" च्या ऐवजी नुसतं "लॉग आउट झालं". पत्रात "बंधू-भगिनींनो" च्या जागी "मंडळी". "पती/पत्नीचे नाव" काढून "जोडीदाराचं नाव", मुलांच्या फॉर्ममध्ये "आईचे नाव, वडिलांचे नाव" काढून "पालक १, पालक २". एकदा बसून साइटवरचं प्रत्येक बटण, प्रत्येक एरर मेसेज, आपोआप जाणारी प्रत्येक ईमेल वाचून काढायची, विशेषतः ईमेल, कारण त्या कोणी तरी कधीकाळी लिहिलेल्या असतात आणि नंतर कोणी बघतच नाही. वाक्यं कुठेही ओढूनताणून केल्यासारखी वाटत नाहीत, उलट बोलल्यासारखी वाटतात.

तांत्रिक बाजू थोडक्यात. कोड एमआयटी लायसन्सखाली आहे, कोणीही वापरू शकतं, फक्त त्यांचा मुकुटाचा लोगो आणि त्यांचा फॉन्ट त्यांच्या सरकारी साइटच्या बाहेर वापरता येत नाही, तो बदलून आपला फॉन्ट लावा. वर्डप्रेसवर एका क्लिकमध्ये बसेल असं मात्र नाहीये, एचटीएमएल आणि जावास्क्रिप्ट थोडंफार येणारं कोणीतरी सोबत लागेल. ते नसेल तरी नावाचं पान आणि समानतेच्या माहितीचं पान वाचून साध्या गूगल फॉर्ममध्येसुद्धा अर्धं काम होतं.

याच्या जोडीला काय वाचावं? शब्द कुठले वापरायचे, कुठले दुखावतात यासाठी ग्लाड या १९८५ पासूनच्या अमेरिकन संस्थेची पत्रकारांसाठीची मार्गदर्शिका चांगली आहे, पण ती इंग्रजी शब्दांपुरती, तिचं शब्दशः भाषांतर करून साइटवर टाकू नका, आपल्या इथल्या क्वीअर लोकांना विचारा की ते स्वतःला काय म्हणवतात. जगभरातल्या नावांवर डब्ल्यूथ्रीसीचा, म्हणजे वेबचे तांत्रिक नियम ठरवणाऱ्या संस्थेचा, एक लेख आहे, नाव-आडनाव असे दोन सक्तीचे रकाने ठेवणाऱ्या प्रत्येकाने तो वाचावा.

झेंड्याबद्दल लोक विचारतात म्हणून लिहिते. गिल्बर्ट बेकरचा इंद्रधनुषी झेंडा १९७८ चा, ट्रान्स झेंडा मोनिका हेल्म्सने १९९९ मध्ये केला, २०१८ मध्ये डॅनियल क्वेझरने बाणाच्या आकाराचे पट्टे घालून प्रोग्रेस झेंडा केला, आणि २०२१ मध्ये व्हॅलेंटिनो वेकिएट्टीने त्यात इंटरसेक्स लोकांसाठी (ज्यांचं शरीर जन्मतः स्त्री-पुरुष या ठरलेल्या साच्यात बसत नाही) पिवळा त्रिकोण आणि त्यात जांभळं वर्तुळ आणलं. कुठलाही लावा, मला तो दिसला की बरंच वाटतं, पण फॉर्म आणि जुन्या नावांचं काम झाल्यावर लावा, कारण झेंडा बघून माणूस विश्वासाने आत येतो आणि पहिल्याच फॉर्मवर "पुरुष की स्त्री" मध्ये अडकतो तेव्हा ते जास्त लागतं. आणि इंद्रधनुषी पट्ट्यांवर मजकूर लिहू नका प्लीज, साध्या आकाराच्या अक्षरांना मागच्या रंगाशी निदान ४.५ ला १ इतका कॉन्ट्रास्ट हवा असं वेब ॲक्सेसिबिलिटीचे नियम सांगतात, पिवळ्या पट्टीवर पांढरी अक्षरं कोणालाच वाचता येत नाहीत, आणि क्वीअर लोकांत दृष्टी कमी असलेले लोकही आहेतच.

माझ्याकडून पाचपैकी चार. अर्धा स्टार जुन्या नावांच्या कामासाठी कमी केला आणि अर्धा यासाठी की शीर्षक, ट्रॅकिंग, ईमेल या गोष्टींसाठी बाहेर शोधावं लागलं. बाहेर पडायच्या बटणाचं पान एकटं धरलं तर पाचपैकी पाच. छोटी संस्था असेल, हातात एकच रविवार असेल, तर आधी नोंदणीचा फॉर्म घ्या आणि त्यातला प्रत्येक रकाना समोर ठेवून विचारा की हे आपल्याला कशाला हवंय, मग पिक्सेल काढा, आणि बटण त्यानंतरच्या रविवारी, नीट टेस्ट करून, फोनवर पण आणि कीबोर्डवर पण. टेस्ट करताना ज्यांच्यासाठी करताय त्यातल्या कोणाला तरी सोबत बसवा आणि त्यांच्या वेळेचे पैसे द्या, फुकट सल्ला मागू नका.